कोबर्न की फ्रेरिक्स? अमेरिकेच्या दोन स्टीपलचेसवाल्यांचा पूर्ण हिशोब

रिओ २०१६, बायकांच्या ३००० मीटर स्टीपलचेसची, म्हणजे बॅरियर आणि पाण्याच्या खड्ड्यावरून उड्या मारत पळायच्या रेसची फायनल. आपल्याकडे ही रेस लक्षात राहिली ती ललिता बाबरमुळे. साताऱ्याच्या माण तालुक्यातलं मोही हे तिचं गाव, पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी ऑलिम्पिकच्या ट्रॅकवर फायनल गाठणारी पहिली भारतीय बाई, त्या दिवशी ९:२२.७४ मध्ये दहावी आली आणि आपल्यापुरती रेस तिथेच संपली. पण त्याच रिझल्टमध्ये ललिताच्या वर आणि खाली कोण होतं ते बघा. वर, तिसऱ्या नंबरवर एमा कोबर्न, अमेरिका, ९:०७.६३, ब्राँझ. आणि ललिताच्या बरोब्बर खाली, फक्त ०.१३ सेकंद मागे, अकराव्या नंबरवर कोर्टनी फ्रेरिक्स, तीपण अमेरिकेचीच. एकाच देशाच्या दोघी, एकच रेस, आणि मध्ये १५ सेकंदांचं अंतर, म्हणजे त्या पेसला ८० मीटरच्या वर.

पाच वर्षांनी टोकियोत ती अकरावी आलेली फ्रेरिक्स ऑलिम्पिक सिल्व्हर घेऊन गेली आणि ब्राँझवाली पार मागे पडली, वर डिसक्वालिफाय झाली. नुसतं एवढंच ऐकलं तर वाटेल की एक उतरली आणि दुसरी चढली, विषय संपला. तसं झालेलं नाही. मधल्या काळात ज्याने ज्याने ठामपणे सांगितलं की आता हीच पुढे जाणार, त्याला पुढच्या एक-दोन सीझनमध्ये तोंडघशी पडावं लागलं, आणि हे दोन्ही बाजूंच्या लोकांचं झालं. म्हणून हे प्रकरण मला उलगडून लिहायचं होतं. दोन खेळाडूंमध्ये "कोण भारी" हे ठरवताना आपण नक्की काय मोजतो, आणि पुढचा अंदाज बांधताना ते माप चालतं का, हे ह्या दोघींवरून जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कुठल्या जोडीवरून मला कळलेलं नाही.

आधी दोघी कुठून आल्या ते

कोबर्न १९९० ची, कोलोरॅडोमधल्या क्रेस्टेड ब्यूट नावाच्या डोंगरातल्या छोट्या गावात वाढलेली. हे गाव समुद्रसपाटीपासून साधारण २७०० मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरच्या जवळपास दुप्पट उंचीवर. हायस्कूलमध्ये असताना ८०० मीटर पळायला लांबच्या एका मीटला जायचं होतं, एवढं लांब गाडी चालवत जायचं तर आणखी एखाद्या रेसमध्ये पण नाव दे असं वडलांनी सुचवलं आणि ती पोरगी स्टीपलचेसला उभी राहिली, अशी तिची सुरुवात. पुढे युनिव्हर्सिटी ऑफ कोलोरॅडो, तिथले कोच मार्क वेटमोर आणि हेदर बरोज. ह्याच युनिव्हर्सिटीतून तिच्या आधी जेनी बॅरिंजर (लग्नानंतरची जेनी सिम्पसन) आली होती, जिने २००९ मध्ये बर्लिनला ९:१२.५० चं अमेरिकन रेकॉर्ड केलं आणि नंतर स्टीपलचेस सोडून १५०० मीटरला जाऊन वर्ल्ड चॅम्पियन झाली. म्हणजे कोबर्नसमोर वाट तयार होती, वातावरण होतं, आणि हवेतला कमी ऑक्सिजन तर लहानपणापासून सवयीचा. आपला स्टीपलचेसवाला अविनाश साबळे उगाच नाही कोलोरॅडो स्प्रिंग्जला कोच स्कॉट सिमन्सकडे ट्रेनिंगला गेला, त्या सगळ्या पट्ट्यात लांब पळणाऱ्यांची गर्दी आहे ती ह्या उंचीमुळेच.

फ्रेरिक्स १९९३ ची, मिझुरी राज्यातल्या निक्सा गावची. डोंगर नाही, उंची नाही. लहानपणी जिम्नॅस्टिक्स आणि सॉकर. कॉलेज पण फार नावाजलेलं नाही, मिझुरी युनिव्हर्सिटीचं कॅन्सस सिटीतलं कॅम्पस, आणि शेवटचं एक वर्ष न्यू मेक्सिकोला. तिथे मात्र २०१६ मध्ये ९:२४.४१ मध्ये कॉलेजची नॅशनल चॅम्पियन झाली, ते तेव्हाचं कॉलेज रेकॉर्ड होतं. मग पोर्टलंडला जेरी शूमाखरच्या बोवरमन ट्रॅक क्लबमध्ये गेली. तिथे आजूबाजूला सगळ्याच दिग्गज, रोजचा वर्कआउट म्हणजेच रेस. कॉलीन क्विग्लीपण तिथेच होती, जी रिओत आठवी आली होती, म्हणजे फ्रेरिक्सच्या पुढे, आणि खरं सांगायचं तर तेव्हा लोकांना कोबर्नची पुढची प्रतिस्पर्धी क्विग्लीच वाटत होती. क्विग्ली २०१७ च्या वर्ल्ड्समध्ये (वर्ल्ड चॅम्पियनशिप) हीटमध्येच, म्हणजे फायनलच्या आधीच्या फेरीतच, लाइनच्या आत पाय पडला म्हणून बाद झाली. ह्या इव्हेंटमध्ये असं होतं.

लंडन २०१७, जिथून खरी तुलना सुरू झाली

वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल. पहिल्याच लॅपमध्ये केनियाची बिअॅट्रिस चेपकोएच वॉटर जंपकडे वळायचंच विसरली, सरळ पुढे पळाली, लक्षात आल्यावर मागे फिरली, उडी मारली आणि परत सगळ्यांना गाठत बसली. (ज्यांनी स्टीपलचेस नीट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी, वॉटर जंप बऱ्याच स्टेडियममध्ये मुख्य ट्रॅकच्या आतल्या बाजूला असतो, दर लॅपला ट्रॅक सोडून तिकडे वळावं लागतं, म्हणून लॅपसुद्धा बरोबर ४०० मीटरचा भरत नाही.) पुढे ऑलिम्पिक चॅम्पियन रूथ जेबेट होती, २०१५ ची वर्ल्ड चॅम्पियन हायविन कियेंग होती. शेवटच्या वॉटर जंपला कोबर्नने मुसंडी मारली, उडीतून बाहेर पडली ती पहिली, आणि तिच्या मागून फ्रेरिक्स! ९:०२.५८ आणि ९:०३.७७. अमेरिकेचे एक आणि दोन. कियेंग तिसरी. त्या रात्री स्टेडियममध्ये बसलेल्या अमेरिकनांनाही स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसला नसेल.

आता ह्यात दोन वेगळ्या गोष्टी घडल्या. कोबर्नने आपला पर्सनल बेस्ट पाच सेकंदांनी सुधारला, चॅम्पियनशिप रेकॉर्ड केलं, आणि हे तिच्या आधीच्या प्रवासाला धरून होतं. २०१५ बीजिंग पाचवी, २०१६ रिओ तिसरी, २०१७ लंडन पहिली. एक एक पायरी. विशेष म्हणजे त्याच्या आधीच्या हिवाळ्यात तिने कोच बदलला होता, वेटमोरकडून निघून जो बॉसहार्ड नावाच्या कोचकडे, आणि तो तिचा होणारा नवरा पण होता. तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली होती की ब्राँझ मिळाल्यावर लगेच कोच बदलायचा, तोही घरातलाच माणूस. लंडननंतर ती सगळी मंडळी गप्प.

फ्रेरिक्सचं वेगळं. तिने एका रेसमध्ये स्वतःचा बेस्ट १५ सेकंदांच्या आसपास खाली आणला. असं झालं की लोक दोन गट पाडतात, एक म्हणतो लॉटरी लागली, दुसरा म्हणतो आता खरी लेव्हल दिसली.

पुढच्याच वर्षी, २० जुलै २०१८, मोनॅको. चेपकोएचने ८:४४.३२ चं वर्ल्ड रेकॉर्ड केलं, जे आजही आहे. तिच्या मागे सोळा सेकंदांनी दुसरी आली फ्रेरिक्स, ९:००.८५, नवीन अमेरिकन रेकॉर्ड. कोबर्न त्याच रेसमध्ये होती आणि मागे राहिली. म्हणजे लॉटरीवाला गट पण संपला.

तर इथे थांबून प्रकरणाचा मुख्य प्रश्न मांडू. २०१८ चा शेवट आहे असं समजा. कोबर्न २८ ची, फ्रेरिक्स २६ ला टेकलेली. एकीकडे वर्ल्ड टायटल, ऑलिम्पिक ब्राँझ आणि २०१४ पासून सलग प्रत्येक वर्षी यूएस चॅम्पियन. दुसरीकडे अमेरिकन रेकॉर्ड, कमी वय, आणि दोन वर्षांत जवळपास वीस सेकंदांची सुधारणा. पुढची वर्ल्ड्स दोहा २०१९ आणि नंतर टोकियो. पैसे कोणावर लावाल?

तेव्हा लोक काय मोजत होते

बहुतेकांनी दोनच गोष्टी मोजल्या. आपापसातला रेकॉर्ड आणि टाइम.

आपापसात बघितलं तर कोबर्न खूप पुढे होती. २०११ ते २०२२ मध्ये तिने एकूण १० यूएस टायटल जिंकली, त्यातली शेवटची ८ सलग (२०२० ला कोविडमुळे स्पर्धाच नव्हती), म्हणजे त्या सगळ्या वर्षांत घरच्या फायनलमध्ये फ्रेरिक्स तिला एकदाही मागे टाकू शकली नाही. हे वाक्य ऐकायला एवढं जड आहे की पुढची चर्चाच होत नाही. पण घरची फायनल कशी पळतात ते बघा. पहिल्या तिघी टीममध्ये, त्यामुळे जिला तिसरं यायचंय तिला धोका घ्यायचा नसतो, जिला जिंकायचंय ती शेवटच्या दोन लॅपची वाट बघते. उगाच पुढे जाऊन पेस ओढणारी कोणी नसते. अशा रेसमध्ये जिला गर्दीत बॅरियर नीट दिसतं, जिची शेवटच्या वॉटर जंपची उडी पक्की आहे आणि जिच्याकडे शेवटचा वेग आहे ती जिंकणार. ती कोबर्न. हे माप फ्रेरिक्सबद्दल फार काही सांगत नव्हतं, तिला न जमणाऱ्या एका प्रकारच्या रेसबद्दल सांगत होतं.

टाइमचं माप उलट्या बाजूने फसवं. ९:००.८५ हे ९:०२.५८ पेक्षा चांगलं, बरोबर. पण कोबर्नचे मोठे टाइम कुठे आले ते लिहून काढा. ९:०७.६३ ऑलिम्पिक फायनल. ९:०२.५८ वर्ल्ड फायनल. आणि नंतर दोहाला आलेला ९:०२.३५, तोही वर्ल्ड फायनल. तिचे दोन सगळ्यात भारी टाइम वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी आलेत, आणि रिओचा टाइमही तेव्हाचा तिचा बेस्ट होता. पळणाऱ्यांमध्ये ही फार दुर्मिळ गोष्ट आहे, बहुतेकांचे बेस्ट डायमंड लीगमध्ये (सीझनभर चालणारी मोठ्या मीट्सची मालिका) पेसमेकरच्या, म्हणजे फक्त वेग ओढायला ठेवलेल्या पळणारीच्या, मागे पळताना येतात. (आणि टाइमच्या बाबतीत तिचं नशीबही विचित्र. २०१४ ला ग्लासगोला ती ९:११.४२ पळाली होती, म्हणजे बॅरिंजरचं रेकॉर्ड तेव्हाच मोडलं होतं, पण रेसनंतरची डोप टेस्ट झालीच नाही म्हणून रेकॉर्ड पास झालं नाही. दोन वर्षं थांबून परत मोडावं लागलं.)

मला वाटतं बघायला हवी होती ती तिसरीच गोष्ट, रेस कुठल्या प्रकारची झाली की कोण चालते. फ्रेरिक्सच्या मोठ्या रेसेस एकत्र ठेवल्या तर एक पॅटर्न दिसतो. तिला सुरुवातीपासून कडक पेस लागतो. कोणीतरी पुढे सुटलेली असली, रांग लांब पडलेली असली, समोर मोकळी जागा असली की ती एकसारख्या लॅप मारत राहते. ९ मिनिटांची स्टीपलचेस म्हणजे किलोमीटरला तीन मिनिटं, आणि हे २८ बॅरियर आणि ७ वॉटर जंप पार करत. बॅरियर ७६.२ सेंटिमीटर उंच, ८० ते १०० किलो वजनाचं, हर्डलसारखं ते धक्क्याने पडत नाही, तुम्ही पडता. एकूण ३५ उड्या, प्रत्येक उडीला पाऊल चुकून दहावा भाग सेकंद जरी गेला तरी साडेतीन सेकंद झाले, आणि लंडनमध्ये ह्या दोघींमधला फरक होता १.१९ सेकंद. गर्दीत समोरचीच्या पाठीमुळे बॅरियर उशिरा दिसतं, पाऊल मोडतं, लय जाते. कोबर्नला ती गर्दी आवडते असं वाटावं इतकी ती त्यात सहज आहे. फ्रेरिक्सला नाही.

मग काय झालं

दोहा २०१९. चेपकोएच पहिल्या लॅपपासून सुटली, ८:५७.८४. मागच्या घोळक्यात सिल्व्हरची खरी लढाई, आणि तिथे कोबर्नने ९:०२.३५ मध्ये जर्मनीच्या गेसा क्राउसेला मागे ठेवून सिल्व्हर घेतलं. फ्रेरिक्स सहावी. झालं, सगळ्यांनी निकाल लावला, मोठ्या दिवशी कोबर्नच.

टोकियो वर्षभर पुढे गेलं. जून २०२१ च्या ट्रायल्सला, म्हणजे अमेरिकेची ऑलिम्पिक टीम निवडणाऱ्या स्पर्धेला, परत कोबर्न पहिली, ९:०९.४१, ट्रायल्सचं रेकॉर्ड, फ्रेरिक्स दुसरी ९:११.७९, आणि तिसरी व्हॅल कॉन्स्टियन नावाची कोलोरॅडोचीच पोरगी, जिच्याकडे तेव्हा कुठल्या ब्रँडचं कॉन्ट्रॅक्ट पण नव्हतं, नोकरी करून पळत होती. हे नाव लक्षात ठेवा.

४ ऑगस्ट २०२१, ऑलिम्पिक फायनल. इथे फ्रेरिक्सने जे केलं ते माझ्या मते ह्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. साधारण शेवटचा किलोमीटर राहिला असताना ती पुढे गेली आणि जोर लावला. म्हणजे तिला जी रेस लागते, कडक पेसची, लांब पडलेल्या रांगेची, ती दुसरी कोणी करून देत नव्हती तर तिने स्वतःच केली. बाकीच्या मागे पडल्या, फक्त युगांडाची पेरुथ चेमुताई चिकटून राहिली आणि शेवटच्या लॅपला तिने फ्रेरिक्सला गाठून गोल्ड घेतलं, ९:०१.४५. फ्रेरिक्स ९:०४.७९ मध्ये सिल्व्हर. कियेंग ब्राँझ. शेवटच्या वॉटर जंपपर्यंत थांबली असती तर चौथी-पाचवी आली असती असं माझं स्पष्ट मत आहे, कारण थांबून जिंकणं तिचं कामच नव्हतं.

कोबर्न त्या रेसमध्ये दिसलीच नाही. चौदावी, आणि त्यावर ट्रॅकच्या आत पाय पडला म्हणून डिसक्वालिफाय. लंडन, दोहा, दोन्हीकडे जिने सगळ्यात मोठ्या दिवशी सगळ्यात चांगलं पळून दाखवलं तिचाच सगळ्यात वाईट दिवस ऑलिम्पिकला आला. ह्याच्यावर लोकांनी फार मानसशास्त्र लावलं, प्रेशर वगैरे. मला त्यात फार अर्थ दिसत नाही, २०१५ ते २०१९ मध्ये प्रत्येक मोठ्या फायनलमध्ये पहिल्या पाचात आलेलीचा एखादा दिवस असा जाणारच, वाईट एवढंच की तो चार वर्षांतून एकदा येणारा दिवस होता.

आणि फ्रेरिक्स तिथे थांबली नाही. १७ दिवसांनी, २१ ऑगस्टला, युजीनला प्रीफाँटेन क्लासिक, डायमंड लीगमधलीच एक मीट. पुढे नोरा जेरुतो ८:५३.६५ मध्ये सुटलेली, मागे फ्रेरिक्स ८:५७.७७. नऊ मिनिटांच्या आत जाणारी पहिली अमेरिकन बाई. परत तोच प्रकार बघा, पुढे कोणीतरी सुटलेली, मध्ये मोकळी जागा, आणि ही एकटी लॅप मारतेय.

मग भारी कोण?

माझं उत्तर असं आहे की करिअर कोबर्नचं मोठं आणि शिखर फ्रेरिक्सचं उंच. वर्ल्ड गोल्ड, वर्ल्ड सिल्व्हर, ऑलिम्पिक ब्राँझ, १० नॅशनल टायटल, ह्याच्यासमोर ऑलिम्पिक सिल्व्हर, वर्ल्ड सिल्व्हर आणि रेकॉर्ड. कोणी म्हणेल ऑलिम्पिक सिल्व्हर ब्राँझपेक्षा वर, मान्य, पण वर्ल्ड गोल्ड त्या पारड्यात टाकलं की झुकतं माप कोबर्नकडेच जातं. ही मागची गोष्ट झाली. पुढचा अंदाज बांधताना मात्र ह्या यादीचा काडीचा उपयोग झाला नाही हे २०१९ आणि २०२१ ने दोनदा दाखवलं.

जे कोणी फारसं मोजत नव्हतं ते म्हणजे बाकी जग. दोघींना मेडल मिळाली त्या रेसेस घ्या. लंडनमध्ये चेपकोएच रस्ता चुकली, जेबेट रंगात नव्हती (आणि त्याच वर्षाच्या शेवटी ती ईपीओ ह्या बंदी असलेल्या, रक्तातल्या लाल पेशी वाढवणाऱ्या औषधाच्या टेस्टमध्ये सापडली, पुढे चार वर्षांची बंदी). टोकियोत वर्ल्ड रेकॉर्डवाली चेपकोएच फॉर्मात नव्हती, मेडलच्या बाहेर राहिली, आणि जेरुतो केनियाकडून कझाकस्तानकडे जाण्याच्या मधल्या काळात असल्याने ऑलिम्पिकला नव्हतीच. म्हणून काय ह्या दोघींचं श्रेय कमी होत नाही, जी समोर आहे तिच्याशीच पळायचं असतं. पण मेडलचं दार काही वर्षं किंचित उघडं होतं आणि दोघींनी ते उघडं असताना आत पाय टाकला, आलटून पालटून. अंदाज करणारे दोघींकडे बघत बसले, दाराकडे कोणी बघत नव्हतं.

२०२२ ला ते बंद झालं. वर्ल्ड्स युजीनला, घरच्या मैदानावर, हेवर्ड फील्ड. पहिल्या तिघींचे टाइम ८:५३.०२, ८:५४.६१, ८:५६.०८. फ्रेरिक्स सहावी, कोबर्न आठवी. म्हणजे फ्रेरिक्सने आपल्या आयुष्यातली सगळ्यात भारी रेस त्या दिवशी पळली असती तरी मेडल नव्हतं. रिओला ब्राँझ ९:०७.६३ ला मिळालं होतं, पॅरिसला ब्राँझसाठी ८:५५.१५ लागले. आठ वर्षांत बारा सेकंद. हा आकडा मी कोणाच्याही वय, दुखापत, कोच ह्या सगळ्याच्या आधी ठेवेन.

आणि मग शरीराने पण साथ सोडली

फ्रेरिक्सने २०२२ नंतर बोवरमन क्लब सोडला. २०२३ ला कोबर्नची सलग टायटलची माळ तुटली, क्रिसी गिअरने तिला हरवलं, आणि त्या वर्षी बुडापेस्टला कोबर्न फायनलपर्यंत पण पोचली नाही. २०२४ हे ऑलिम्पिक वर्ष, आणि ट्रायल्सच्या आधीच दोघी बाहेर. कोबर्नचा घोटा चीनमधल्या डायमंड लीगच्या रेसमध्ये मोडला, फ्रेरिक्सच्या गुडघ्याचा एसीएल (आतला मुख्य लिगामेंट) फाटला. दहा वर्षं जिची गादी होती ती आणि जिच्या नावावर रेकॉर्ड ती, दोघीही टीव्हीवर बघायला.

आता इथे ते नाव परत येतं. व्हॅल कॉन्स्टियनचा पण एसीएल फाटला होता, मे २०२३ मध्ये, दोहाच्या डायमंड लीगमध्ये. ऑपरेशन, रिहॅब, आणि जेमतेम वर्षभराने जून २०२४ च्या ट्रायल्समध्ये ती ९:०३.२२ पळून जिंकली. कोर्टनी वेमेंट दुसरी ९:०६.५०, मरिसा हॉवर्ड तिसरी ९:०७.१४. तिसऱ्या नंबरचा हा टाइम कोबर्नच्या रिओच्या ब्राँझपेक्षा चांगला आहे! घरच्या ट्रायल्समध्ये तिसरं यायला आता आठ वर्षांपूर्वीच्या ऑलिम्पिक ब्राँझपेक्षा जोरात पळावं लागतं. ह्याचं बरंचसं श्रेय मी कोबर्न-फ्रेरिक्सलाच देईन, कारण २००५ पर्यंत तर बायकांची स्टीपलचेस वर्ल्ड्समध्ये नव्हती आणि २००८ पर्यंत ऑलिम्पिकमध्ये नव्हती, अमेरिकेत चांगली पळणारी पोरगी १५०० किंवा ५००० ला जायची. ह्या दोघींनी मेडलं आणल्यावर ही रेस कॉलेजच्या पोरींना करिअर म्हणून दिसायला लागली.

पण पॅरिसला काय झालं तेही बघायला लागेल. बहरीनची विन्फ्रेड यावी पहिली ८:५२.७६, चेमुताई ८:५३.३४, केनियाची फेथ चेरोटिच ८:५५.१५, चौथी फ्रान्सची अॅलिस फिनो ८:५८.६७. अमेरिकन कोणी मेडलच्या आसपास पण नव्हती. नंतर त्याच ऑगस्टमध्ये यावी रोमला ८:४४.३९ पळाली, वर्ल्ड रेकॉर्डपासून फक्त ०.०७ लांब. फ्रेरिक्सचा बेस्ट पॅरिसला चौथा आला असता. कोबर्नचा बेस्ट त्याच्या बराच मागे.

पुढे काय

लॉस एंजेलिस २०२८ ला कोबर्न ३७ ची असेल, फ्रेरिक्स ३५ ची. मी दोघींनाही मेडलच्या चर्चेत धरत नाही, आणि हे सांगताना वयापेक्षा त्या बारा सेकंदांकडे बोट दाखवेन. टीममध्ये यायचं म्हटलं तरी घोटा मोडलेल्या, गुडघा फाटलेल्या पायावर पाण्यातल्या उड्या परत विश्वासाने मारायच्या आहेत. त्या उडीत एका पायाने बॅरियरवर रेटायचं आणि एका पायावर पाण्यात उतरायचं, दमलेल्या अवस्थेत, सात वेळा. सपाट रेसमध्ये परतणं आणि इथे परतणं ह्यात फार फरक आहे. तरीही दोघींपैकी एकीला निवडायचंच झालं तर मी फ्रेरिक्सला निवडेन, दोन-अडीच वर्षांनी लहान आहे म्हणून नाही, तर तिचा पळायचा प्रकार आजच्या रेसला जास्त जुळतो म्हणून. आताच्या मोठ्या फायनल पहिल्या किलोमीटरपासून कडक असतात, वाट बघून शेवटच्या वॉटर जंपला झडप घालायची संधी उरतच नाही, तोपर्यंत पुढच्या चौघी नजरेआड गेलेल्या असतात. कोबर्नची कला ज्या रेसमध्ये चालते ती रेसच कमी होत चालली आहे.

नव्या पोरींमध्ये कॉन्स्टियन आणि वेमेंट ९:०३ ते ९:०६ च्या आसपास पोचल्यात, आणि २०२५ चं नॅशनल टायटल लेक्सी हॅलाडे-लोरीने घेतलं, जी वेमेंटसारखीच युटाच्या ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीतून आलेली, पॅरिसला पुरुषांमध्ये सिल्व्हर घेतलेला केनेथ रूक्स पण तिथलाच (त्याच फायनलमध्ये आपला साबळे अकरावा होता). आधी कोलोरॅडो, आता युटा, अमेरिकेत ही रेस अजून दोन-तीन कॉलेजांच्या जिवावरच चाललीय. ह्या नव्या पोरींची तुलना करताना परत कोण कोणाला नॅशनल्सला हरवतं ह्याच्यावरच वाद चाललेत. मी मात्र बघेन की पुढे यावी किंवा चेरोटिच सुटलेली असताना, घोळक्यात न थांबता, एकटीने मागे मागे जायची हिंमत कोण करतंय. सध्या तरी त्यातली एकही मला सलग दोन रेसमध्ये तसं करताना दिसलेली नाही, आणि फ्रेरिक्सचं ८:५७.७७ मोडायचं असेल तर दुसरा रस्ता नाही.